खिसा हवा की नको?

मुलांनो, शाळेचा गणवेश घरात दोन तऱ्हांनी येतो. पहिली तऱ्हा सोपी. दुकानात जायचं, आपल्या मापाचा तयार शर्ट उचलायचा, पैसे द्यायचे आणि घरी यायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे कापड घ्यायचं आणि शिंपीकाकांकडे जायचं. दुकानदार तुम्हाला फक्त माप विचारतो. शिंपीकाका मात्र माप घेता घेता प्रश्नांची फैरच झाडतात. "खिसा एक की दोन? बाही अर्धी की पूर्ण? पुढच्या वर्षासाठी शिवणीत कापड सोडू का?" तुम्ही सांगत जाता आणि काका वहीत खुणा करत जातात.

या प्रश्नांची एक गंमत आहे. ते कापडाला कात्री लागण्याआधी विचारलेले असतात. शर्ट शिवून झाल्यावर तुम्ही बाही दुमडू शकता, वरचं बटण उघडं ठेवू शकता. पण शिवलाच नाही तो खिसा आयत्या वेळी कुठून येणार? त्यासाठी पुन्हा काकांकडेच जायला हवं.

असेच प्रश्न विचारणाऱ्या एका संगणक प्रणालीची आज आपण ओळख करून घेऊ. तिचं नाव जेंटू लिनक्स, आणि तिच्या त्या प्रश्नांचं नाव 'यूज फ्लॅग'. यूज म्हणजे वापर आणि फ्लॅग म्हणजे झेंडा. झेंडा वर असला तर 'हवं', खाली असला तर 'नको'. नाव परकं वाटलं तरी बिचकू नका. शिंपीकाकांची वही डोळ्यांसमोर ठेवा, बाकी सगळं हळूहळू उलगडेल.

कापड कोणतं, शर्ट कोणता?

संगणकावरचा प्रत्येक प्रोग्रॅम, म्हणजे आज्ञावली, आधी माणसाने लिहिलेली असते. सी, पायथन अशा भाषांमधला तो चक्क वाचता येण्याजोगा मजकूर असतो. त्याला म्हणतात सोर्स कोड. हे झालं आपलं कापड. पण संगणकाच्या प्रोसेसरला हा मजकूर कळत नाही. त्याला कळतात फक्त आकड्यांतल्या आज्ञा. मजकुराचं रूपांतर अशा आज्ञांमध्ये करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात, आणि त्या कामाला कंपाइल करणं. ही झाली शिलाई. शिवून तयार झालेला प्रोग्रॅम म्हणजे आपला शर्ट.

घरातल्या फोनवर आपण जे ॲप उतरवून घेतो, ते बहुतेक वेळा तयार शर्टासारखं असतं. शिलाई दुसरीकडे झालेली असते. त्यात वाईट काहीच नाही. वेळ वाचतो, डोक्याला ताप नाही. पण तयार माल बनवणाऱ्याला सगळ्या गिऱ्हाइकांचा विचार करावा लागतो. कुणाला प्रिंटर लागेल, कुणाला ब्लूटूथ लागेल, कुणाला आणखी काही. मग तो शक्य तितकं सगळंच आत घालून ठेवतो. तुम्हाला त्यातलं निम्मं लागत नसलं, तरी ते तुमच्या घरी येतंच.

लिनक्सचं वेगळेपण असं, की त्याचं कापड सर्वांसाठी खुलं आहे. १९८३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्रॅमचा सोर्स कोड प्रत्येकाला वाचता यावा, बदलता यावा आणि वाटता यावा, हा त्यामागचा आग्रह होता. त्यांचा कंपायलर १९८७ साली लोकांच्या हाती आला. पुढे १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या तरुणाने लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात हाच गाभा असतो. म्हणजे लिनक्स तुमच्या घरी आधीच पोचलेलं आहे, बरं का!

चपळ पेंग्विनचं नाव

लिनक्सचे शेकडो अवतार आहेत. त्यातले बहुतेक तयार शर्टाच्या दुकानासारखे चालतात. जेंटू मात्र शिंप्याच्या दुकानासारखं. डॅनियल रॉबिन्स यांनी ते सुरू केलं. आधी त्याचं नाव 'एनोक' होतं. २००२ सालच्या मार्च महिन्यात 'जेंटू' या नावाने त्याची १.० आवृत्ती आली. जेंटू ही पेंग्विनची एक जात आहे. हा पक्षी पाण्याखाली ताशी सुमारे ३६ किलोमीटर वेगाने पोहतो. पेंग्विनांमध्ये त्याच्याइतका चपळ पोहणारा दुसरा नाही. लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विनच आहे, तेव्हा हे नाव अगदी शोभलं.

जेंटूमधल्या शिंपीकाकांचं नाव आहे 'पोर्टेज'. ही कल्पना रॉबिन्स यांना फ्रीबीएसडी नावाच्या दुसऱ्या प्रणालीतून सुचली. तुम्ही 'इमर्ज' असा हुकूम लिहून प्रोग्रॅमचं नाव दिलंत, की पोर्टेज कामाला लागतं. प्रत्येक प्रोग्रॅमसाठी त्याच्याकडे 'ईबिल्ड' नावाची एक छोटी फाइल असते. कापड कुठून आणायचं, कसं कापायचं, कुठे शिवायचं आणि गिऱ्हाइकाला कोणकोणते प्रश्न विचारायचे, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. क्रोमबुक नावाचे लॅपटॉप तुम्ही पाहिले असतील. त्यांची क्रोम-ओएस ही प्रणाली तयार करतानाही पोर्टेजच वापरलं जातं.

झेंडा वर, झेंडा खाली

आता प्रत्यक्ष झेंडे बघू. (संगणकात ही नावं इंग्रजी लिपीतच लिहावी लागतात. आपण समजण्यासाठी देवनागरीत लिहितो आहोत.)

'ब्लूटूथ' हा झेंडा वर असेल, तर प्रोग्रॅममध्ये ब्लूटूथशी बोलण्याची सोय शिवली जाते. 'कप्स' हा छपाईचा झेंडा. 'डॉक' वर असेल तर प्रोग्रॅमसोबत जादा माहितीपुस्तिका येते. झेंडा खाली करायचा असेल तर नावाआधी उणे चिन्ह द्यायचं: '-ब्लूटूथ', '-कप्स'. शिकलात की निम्मी गोष्ट!

काही झेंडे सामाईक असतात. 'ब्लूटूथ' म्हटलं की पुष्कळ प्रोग्रॅममध्ये त्याचा अर्थ एकच. काही झेंडे मात्र एखाद्याच प्रोग्रॅमपुरते असतात. प्रत्येक झेंड्यासमोर एका ओळीत त्याचा अर्थ लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचा आणि मगच ठरवायचं.

एक फरक इथेच पक्का करून घ्या. फोनच्या सेटिंगमध्ये तुम्ही ब्लूटूथची कळ बंद करता, तेव्हा ब्लूटूथचा भाग झोपी जातो. तो आतच असतो, पुन्हा कळ दाबली की जागा होतो. यूज फ्लॅगने 'नको' म्हटलं, की तो भाग त्या प्रोग्रॅममध्ये जन्मालाच येत नाही. दुमडलेली बाही आणि मुळात न शिवलेली बाही, यात जो फरक तोच इथेही.

सूचना चार, ऐकायची कुणाची?

हे झेंडे लिहायच्या जागा चार आहेत. शाळेचंच उदाहरण घेऊ. शिक्षण खात्याचं परिपत्रक सर्व शाळांना लागू असतं. मुख्याध्यापकांची सूचना एका शाळेला. वर्गाच्या फळ्यावरची सूचना एका वर्गाला. आणि "आज प्रार्थना मैदानावर नाही, वर्गातच" ही तोंडी सूचना फक्त त्या दिवसापुरती.

जेंटूमध्ये खात्याचं परिपत्रक म्हणजे 'प्रोफाइल'. घरगुती संगणक आहे की इतर यंत्रांना सेवा पुरवणारा सर्व्हर, हे बघून जाणत्या लोकांनी आधीच बसवून दिलेले झेंडे त्यात असतात. मुख्याध्यापकांची सूचना म्हणजे 'मेक डॉट कॉन्फ' ही फाइल. ती तुमच्या सबंध संगणकाला लागू. वर्गाचा फळा म्हणजे 'पॅकेज डॉट यूज'. तिथे एकेका प्रोग्रॅमसाठी वेगळं सांगता येतं. आणि तोंडी सूचना म्हणजे इमर्जचा हुकूम देताना त्याच ओळीत लिहिलेला झेंडा.

दोन सूचनांचं पटलं नाही तर? जी सूचना अधिक जवळची, ती चालते. प्रोफाइलपेक्षा मेक डॉट कॉन्फ वरचढ, त्यापेक्षा पॅकेज डॉट यूज वरचढ, आणि तोंडी सूचना सर्वांत वरचढ. पण तोंडी सूचनेचं काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. उद्या ती कुणाच्याच लक्षात नसते! पुढच्या वेळी तोच प्रोग्रॅम नव्याने शिवला गेला, की पोर्टेज जुन्या सूचनेनेच शिवतं. म्हणून कायमची इच्छा नेहमी लिहून ठेवायची.

आणखी एक गोष्ट. वहीतली खूण बदलली म्हणून अंगातला शर्ट बदलत नाही. फाइलमध्ये '-कप्स' लिहिलंत, तरी आधीच तयार असलेले प्रोग्रॅम तसेच राहतात. 'न्यूयूज' हा पर्याय देऊन पोर्टेजला सांगावं लागतं, "ज्यांचे झेंडे बदललेत, ते सगळे पुन्हा शिवा." त्यानंतर जे भाग आता कुणालाच लागत नाहीत, ते 'डेपक्लीन' नावाच्या हुकुमाने आवरून टाकायचे. काढण्याआधी यादी वाचायची, हे वेगळं सांगायला नको.

रंग बोलतात

कात्री लावण्याआधी वही एकदा वाचून दाखवा, असंही पोर्टेजला सांगता येतं. त्यासाठी 'आस्क' म्हणजे 'आधी विचार' हा पर्याय आहे. त्याच्या जोडीला 'व्हर्बोज' म्हणजे 'सविस्तर सांग' दिलं, की पडद्यावर प्रत्येक प्रोग्रॅमचे झेंडे रंगीत दिसतात. लाल म्हणजे वर असलेला झेंडा. निळा आणि आधी उणे, म्हणजे खाली असलेला. हिरवा आणि पुढे तारका, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा बदललेला. पिवळा आणि पुढे टक्क्याचं चिन्ह, म्हणजे प्रश्नांच्या यादीत नव्याने आलेला किंवा यादीतून गेलेला. हे वाचून तुम्ही 'हो' म्हणाल तरच शिलाई सुरू होते. सवय झाली की पानभर मजकूर नजरेसरशी कळतो.

एक पाहुणा, अख्खं गणगोत

आता तुमच्यापैकी कुणीतरी हात वर केलाच असेल. "बाई, सगळ्यालाच 'हवं' म्हटलं तर?"

म्हणून बघा. पण एका पाहुण्याला बोलावलं, की त्याचं गणगोतही येतं. 'कप्स'ला हो म्हटलं, की छपाईची सगळी यंत्रणा संगणकात यायला हवी. त्या यंत्रणेला आणखी काही भाग लागतात, त्या भागांना आणखी काही. एका झेंड्यापायी कधी कधी दहा-वीस प्रोग्रॅम शिवावे लागतात. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स यांच्यासारख्या मोठ्या प्रोग्रॅमला साध्या संगणकावर काही तास लागतात. वेळ जातो, वीज जाते, डिस्कवरची जागा जाते. शिवाय काही झेंड्यांचं एकमेकांशी पटत नाही. दोहोंपैकी एकच निवडा, असा त्यांचा नियम असतो. दोन्ही वर केले तर पोर्टेज काम थांबवतं आणि कुठे अडलं ते सांगतं.

"मग सगळ्यालाच 'नको' म्हटलं तर?" हा दुसरा हात! त्याचं उत्तर जरा सविस्तर द्यायला हवं. कारण ते आपल्या मराठीशीच येऊन भिडतं.

'नको'ची किंमत: हरवलेली वेलांटी

'विद्यार्थी' हा शब्द घ्या. कागदावर आपण तो सहज लिहितो. संगणकाच्या साठ्यात मात्र तो दहा चिन्हांचा असतो: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची पद्धत आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, आणि देवनागरी तिच्यात तेव्हापासून आहे. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षराच्या नंतर साठवतात. पण ऱ्हस्व वेलांटी दिसायला हवी अक्षराच्या आधी. हलन्त आला की द आणि य यांचं जोडाक्षर व्हायला हवं. आणि 'र'ने उडी मारून रफार होऊन थीच्या डोक्यावर बसायला हवं.

ही सगळी कसरत आपोआप होत नाही. अक्षरांची अशी नीट मांडणी करणारा एक स्वतंत्र भाग असतो. त्यातला फार वापरला जाणारा भाग म्हणजे 'हार्फबझ'. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर. त्यावरून हे नाव आलं.

जेंटूमध्ये काही प्रोग्रॅमसाठी 'हार्फबझ' हा झेंडा आहे. उदाहरणार्थ, पुष्कळ खेळांमध्ये पडद्यावर अक्षरं काढायला 'एसडीएल-टीटीएफ' नावाचा भाग वापरतात, त्याला हा झेंडा असतो. इंग्रजीला या कसरतीची गरज जवळजवळ नसते. तिथे अक्षरामागे अक्षर ठेवलं की काम झालं. त्यामुळे ज्याला फक्त इंग्रजी वाचायचं आहे, तो हा झेंडा खाली करील आणि त्याला फरकही जाणवणार नाही. तोच खेळ मराठीत करायला घेतला, की 'विद्यार्थी'ची वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षर फुटतं आणि रफार हरवतो. 'युनिकोड' नावाचाही झेंडा आहे. 'नॅनो' या मजकूर लिहिण्याच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये तो खाली केला, तर देवनागरी मजकूर धड दिसतच नाही.

यात कुणाची दुष्टबुद्धी नसते बरं का. पण ज्याला आपली भाषा येत नाही, त्याच्या यादीत आपली वेलांटी कशी असणार? आपली गरज आपल्यालाच सांगावी लागते. जेंटूमध्ये भाषांसाठी वेगळी यादीच आहे. तिचं नाव 'एल-१०-एन'. त्या यादीत मराठीची खूण लिहायची, 'एम-आर' ही दोन अक्षरं. मग फायरफॉक्ससारख्या प्रोग्रॅमचे मेनूसुद्धा मराठीत मिळू शकतात. ती दोन अक्षरं लिहिली नाहीत, तर पोर्टेजला कसं कळणार की या घरात मराठी बोलतात?

'हवं'ची किंमत: न मोजता दिलेली साखर

आता उलट बाजू. ही गोष्ट २०१४ सालची, आणि ती पालकांनीही वाचावी अशी आहे.

बँकेच्या किंवा खरेदीच्या संकेतस्थळावर आपण जे लिहितो, ते वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून त्याचं कुलूपबंद रूप केलं जातं. हे काम करणारा एक फार प्रसिद्ध भाग म्हणजे 'ओपनएसएसएल'. जगातले असंख्य सर्व्हर तो वापरतात. २०१२ साली त्यात 'हार्टबीट' म्हणजे 'हृदयाचा ठोका' नावाची एक सोय आली. समोरचं यंत्र अजून जोडलेलं आहे का, हे अधूनमधून तपासण्यासाठी ती होती. ती कशी चालते, ते बघा.

समजा, तुम्ही शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर पाठवली. सोबत चिठ्ठी: 'वाटीभर पाठवली आहे, तेवढीच परत पाठवा, म्हणजे तुम्ही घरी आहात हे कळेल.' साखर परत आली, काकू घरी आहेत. छान! आता एखाद्या लबाडाने पाठवली वाटीभरच, पण चिठ्ठीत लिहिलं 'डबाभर'. शहाण्या काकू वाटीकडे बघून हसतील. पण ओपनएसएसएलमध्ये मोजून बघण्याची ती एक ओळ राहून गेली होती. त्याने वाटीभर साखर तर परत केलीच, आणि डबा भरेपर्यंत फळीवर शेजारी जे जे होतं तेही ओतलं. तिथे कधी कुणाचा पासवर्ड असे, कधी गुप्त किल्ली. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत माहिती अशी बाहेर जाऊ शकत होती, आणि लबाडाला हवं तितक्या वेळा मागता येत होती.

७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष जाहीर झाला. त्याला नाव पडलं 'हार्टब्लीड'. तोवर तो दोन वर्षं तिथेच होता. कॅनडाच्या कर खात्याला आपली ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवावी लागली. तरीही सुमारे ९०० नागरिकांचे सरकारी ओळख क्रमांक चोरीला गेले.

आता आपल्या विषयाकडे या. जेंटूमध्ये ओपनएसएसएलसाठी 'टीएलएस-हार्टबीट' नावाचा यूज फ्लॅग होता. तो मुळातच वर ठेवलेला होता. म्हणजे ज्यांनी त्याकडे बघितलंच नव्हतं, त्या सर्वांच्या संगणकात ही सोय शिवलेली होती, लागत असो वा नसो. दोष जाहीर झाल्यावर जेंटूने आपल्या लोकांना सांगितलं, दुरुस्त केलेली १.०.१जी ही आवृत्ती घ्या. ते लगेच जमत नसेल तर हा झेंडा खाली करा आणि ओपनएसएसएल पुन्हा शिवा. ज्यांनी हा झेंडा आधीच खाली ठेवला असेल, त्यांच्या संगणकात ते दारच नव्हतं. मग चोर ढकलणार काय?

यातून काय शिकायचं? घराला जितकी दारं, तितकी कुलुपं सांभाळावी लागतात. प्रत्येक 'हवं' हे एक दार असतं. ते लागत असेल तर जरूर ठेवा. पण कुणीतरी आधीच ठेवलंय म्हणून ते तसंच राहू देऊ नका. आधी बघा, मग ठेवा.

मग करायचं तरी काय?

दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एकीकडे न वाचता दिलेल्या 'नको'मुळे वेलांटी हरवते. दुसरीकडे न बघता राहू दिलेल्या 'हवं'मुळे किल्ली चोरीला जाते. 'हवं' चांगलं की 'नको' चांगलं, असा हा सामना नाहीच. न वाचता दिलेलं उत्तर महागात पडतं, मग ते कोणतंही असो.

जाणती माणसं म्हणून असं करतात. प्रोफाइलने दिलेले झेंडे आधी तसेच राहू देतात, कारण त्यामागे पुष्कळांचा अनुभव असतो. सगळे झेंडे एका फटक्यात खाली करण्याची खूणही जेंटूत आहे, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. सबंध संगणकाला लागू होतील असे झेंडे मोजकेच ठेवायचे. बाकीचे ज्या त्या प्रोग्रॅमपुरते लिहायचे. एका वेळी एकच बदल करायचा, आणि शेजारी एका ओळीत लिहून ठेवायचं की हा बदल का केला. सहा महिन्यांनी आपलंच अक्षर आपल्याला धन्यवाद देतं.

आणि प्रत्येक वेळी सगळं घरीच शिवलं पाहिजे, असाही आता हट्ट राहिलेला नाही. २०२३ सालच्या डिसेंबरात जेंटूने तयार पॅकेजांचीही मोठी सोय जाहीर केली. तुमचे झेंडे तयार मालाच्या झेंड्यांशी जुळले तर तयार प्रोग्रॅम घ्या, नाही जुळले तर घरी शिवा. शिंपीकाकांनी दुकानात तयार शर्टही टांगले म्हणायचे!

पालकांसाठी दोन शब्द. जेंटू विनामूल्य आहे आणि त्याची मार्गदर्शक पुस्तिकाही. पण ज्या संगणकात घरातले फोटो आणि कामाचे कागद आहेत, त्यावर मुलांना हा प्रयोग करू देऊ नका. बाजूला पडलेला जुना संगणक घ्या, किंवा संगणकाच्या आत दुसरा संगणक भासवणारा 'व्हर्च्युअल मशीन' हा प्रकार वापरा. पहिली मांडणी करायला एखादा रविवार पुरणार नाही. पण मूल त्या पडद्यासमोर बसून 'हे कशाला लागतं?' असं विचारू लागलं, तर तो वेळ वाया गेला असं समजू नका.

हे करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात सहलीच्या पिशवीतल्या दहा वस्तू लिहा: पाण्याची बाटली, छत्री, टॉर्च, पत्त्यांचा कॅट आणि अशाच आणखी. दुसऱ्यात लिहा, 'घेतली तर काय सोसावं लागेल?' तिसऱ्यात लिहा, 'नाही घेतली तर काय अडेल?' दोन्ही रकाने भरल्याशिवाय 'हवी' की 'नको' ते ठरवायचं नाही. मग आपली यादी मित्राच्या यादीशी ताडून पहा. दोन्ही याद्या वेगळ्या निघतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील. पावसाळ्यात कोकणात जाणाऱ्याची आणि उन्हाळ्यात विदर्भात जाणाऱ्याची पिशवी सारखी कशी असेल?

सांगा पाहू!

१. मेक डॉट कॉन्फमध्ये '-कप्स' आहे, पण पॅकेज डॉट यूजमध्ये एका प्रोग्रॅमसाठी 'कप्स' लिहिलं आहे. त्या प्रोग्रॅममध्ये छपाईची सोय येईल का?

२. फाइलमध्ये झेंडा बदलला, पण पुढे काहीच केलं नाही. संगणकात काय बदल होईल?

३. पडद्यावर एका झेंड्याचं नाव हिरवं दिसतंय आणि पुढे तारका आहे. याचा अर्थ काय?

उत्तरे: १. येईल, कारण एका प्रोग्रॅमपुरती सूचना वरचढ ठरते. २. काहीच नाही. तो प्रोग्रॅम पुन्हा शिवावा लागेल. ३. मागच्या वेळेपेक्षा हा झेंडा बदलला आहे. 'हो' म्हणण्याआधी तो पुन्हा एकदा वाचा.